तिकीट काढलेला माणूस

होडी चालवणं आणि पैसे घेऊन माणसं होडीत बसवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं माझी मावसबहीण म्हणते. आमचे मामा म्हणतात, गोष्ट एकच. ज्याला पहिली येते त्याला दुसरी येते. ताई अमेरिकेत मेरीलँडला, चेसापीक उपसागराच्या काठी राहते. नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी ती लोकांना शिडाच्या होडीतून फिरवते, आणि त्यासाठी तिने तिथल्या कोस्ट गार्डकडून कॅप्टनचा परवाना काढला आहे. मामा मालवणजवळच्या देवबागचे. तरुणपणी रापणीवर, मग मच्छीमारी होडीवर तांडेल, आणि पर्यटक यायला लागल्यावर डॉल्फिन दाखवणं, कर्ली नदीच्या संगमावर नेणं हा धंदा. मे महिन्यात ताई आली होती. संध्याकाळी पडवीत दोघांचं जे चालायचं ते मी ऐकत बसायचो, मधूनमधून काडी टाकायचो. मामांचं बोलणं मालवणी. इथे ते बरंचसं सरळ करून घेतलंय; काही वाक्यांना हात लावायचं धाडस झालं नाही.

मामा : तुझ्या होडीत सहा माणसं. फुकटची असली तर कागद नको, पैशाची असली तर हवा. बरोबर?

ताई : एक जरी पैशाचा असला तरी हवा. सहा जणांपर्यंत माझा परवाना चालतो. सातवा चढला की होडीचीच सरकारी तपासणी लागते आणि माझाही वरच्या पायरीचा परवाना लागतो.

मामा : म्हणजे समुद्राक तिकीट दिसता?

ताई : समुद्राला नाही दिसत, मामा. माणूस बदलतो. माझे बाबा तुमच्या होडीत बसायचे तेव्हा तुम्ही कोण, होडी कशी, हे त्यांना ठाऊक होतं. वारा फिरला तर ‘चला परत’ म्हणायला ते लाजले नसते. तिकीट काढलेला माणूस पुण्याहून रात्रभर गाडी हाकत येतो. होडीचं त्याला काही कळत नाही, आणि पैसे दिले की आपण सुरक्षित झालो असं त्याला वाटतं. लाइफ जॅकेट कुठे आहे हेसुद्धा तो विचारत नाही. कायदा त्याच्यासाठी केलाय.

मामा : आणि चार मित्रांनी मिळून डिझेल घातलं तर?

ताई : आपखुशीने खर्च वाटून घेतला तर ते भाडं नाही. तिकडच्या १९९३ च्या कायद्यात तसं स्पष्ट म्हटलंय. पण ‘पैसे दिलेस तरच चढ’ म्हटलं की भाडं झालं. रोख रक्कमच हवी असंही नाही. उद्या मोठं कंत्राट मिळावं म्हणून कोणी गिऱ्हाइकाला फिरवून आणलं, तर तेही भाड्यात धरलं जाऊ शकतं.

आतून मामी म्हणाल्या, “म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाक चालता.” यावर ताईकडे उत्तर नव्हतं.

अमेरिकेतल्या या कायद्याचं मूळ वाफेच्या बोटींत आहे. तिथल्या नद्यांवर बॉयलर फुटून माणसं मरायला लागली तेव्हा १८३८ साली काँग्रेसने पहिला कायदा केला, १८५२ मध्ये तो आवळला आणि पायलट व इंजिनियर यांना परवाने लागू केले. पुढे मोटारबोटी आल्या आणि ऐपत असलेला कोणीही माणसं भरून न्यायला लागला, तेव्हा १९४० च्या मोटारबोट कायद्याने भाड्याच्या बोटीवर परवानाधारक सक्तीचा केला. आपल्याकडचा १९१७ चा कायदाही मुळात वाफेच्या बोटींसाठीच होता. सारंग, मास्टर, इंजिन ड्रायव्हर यांची सर्टिफिकेटं त्यातली. २०२१ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. आपल्या किनाऱ्यावर होडीची नोंदणी, तपासणी, किती माणसं बसवायची हे सगळं महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं. मामांकडेही बोर्डाचा कागद आहे. इंजिनाच्या पावतीसोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो. तेव्हा एकाकडे कागद आणि दुसऱ्याकडे अनुभव असा हा सामना नव्हता. कागद दोघांकडे होता. तो कशाचा पुरावा, यावर भांडण होतं.

मामा : तुका काय काय करूचा लागला?

ताई : वय अठरा पूर्ण. डॉक्टरी तपासणी, त्यात डोळ्यांना रंग ओळखता येतात का हेही. अमली पदार्थांची चाचणी. प्रथमोपचार आणि छाती दाबून श्वास चालू करायचं प्रशिक्षण. बोटांचे ठसे देऊन बंदराचं ओळखपत्र. ३६० दिवस पाण्यावर काढल्याचा दाखला. मग लेखी परीक्षा. पाच वर्षांनी नूतनीकरण.

मामा : ३६० दिवस कोण मोजता?

ताई : दुसऱ्याच्या होडीवर काढले असतील तर मालक सही करतो.

मामा : आणि स्वतःच्या होडीवर?

ताई : होडी आपल्या नावावर आहे याचे कागद जोडायचे आणि आपणच सही करायची.

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

ताई : हसू नका. छोट्या होडीवर चार तास काढले तरच एक दिवस धरतात. खोटं लिहिलं तर गुन्हा आहे, फॉर्मवरच छापलेलं असतं.

मामा : खोटा बोलणारो फॉर्म वाचून भियाता? बरं, परीक्षा घेणारा साहेब तुझ्या बाजूला होडीत बसला असेल ना? वारा आडवा असताना धक्क्याला लावून दाखव म्हणाला असेल?

ताई : नाही. परीक्षा कागदावरच असते. चार पर्यायांतून एक निवडायचा.

मामा : होडी चालवून दाखवायचीच नाही?

ताई : या परवान्याला नाही.

आरटीओत दुचाकीचा परवाना काढतानासुद्धा आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. मला त्या क्षणी मामांची बाजू जड वाटली, आणि या मुद्द्यापुरती ती अजूनही वाटते. मामांनी मग आपली परीक्षा सांगितली. आधी होडीतलं पाणी उपसायचं, नांगर ओढायचा. मग नाळीवर बसून पुढे खडक कुठे, पाणी कुठे उथळ ते ओरडून सांगायचं. त्यानंतर कधीतरी, परत येताना, समुद्र लोण्यासारखा असला तर सुकाणू हातात मिळायचं. ते कधी मिळणार हे मुलाने विचारायचं नसतं. होडीवरची बाकीची माणसं त्याच्याकडे बघत असतात, आणि त्यांचाही जीव त्याच होडीत असतो.

ताई हे सगळं मान्य करून गप्प बसली असती तर वाद तिथेच संपला असता. ती गप्प बसली नाही.

ताई : मामा, रात्री समोर दोन दिवे दिसले. एकावर एक. वरचा लाल, खालचा पांढरा. काय आहे?

मामा : तसो दिवो दिसलो तर ती बोट हयसरची नाय.

आम्ही खूप हसलो. मामाही. पण ताईला जे म्हणायचं होतं ते याच वाक्यात होतं. वर लाल आणि खाली पांढरा म्हणजे जाळी किंवा गळ टाकून मासेमारी करणारी बोट. वर हिरवा, खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर. १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम, जगभर तेच. ताईच्या परीक्षेत बाकीच्या विषयांना ७० टक्के पुरतात. या नियमांच्या पेपरला ९० लागतात.

ताई : समोरून येणारी बोट आपल्यावर आदळणार की नाही, हे कसं ओळखता?

मामा : आमच्या शेडचा खांब असतो ना, त्याच्या रेषेत तिला धरायची. थोड्या वेळाने बघायचं. रेष सुटली तर ती पुढून किंवा मागून जाणार. रेष सुटली नाही आणि बोट मोठी होत चालली, तर ती आपल्यावरच येते आहे.

ताई : सातवा नियम अगदी हाच आहे. तिथे खांबाऐवजी होकायंत्र आहे, एवढंच. तुम्हाला हे येतं, प्रश्न तुमचा नाहीच. समोरच्या बोटीवर जो आहे त्याला तुम्ही काय करणार हे कसं कळणार? दोन बोटी समोरासमोर आल्या की दोघांनी उजवीकडे वळायचं. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, पाच म्हणजे तुझं काय चाललंय ते मला कळत नाही. देवबागेत सगळे एकमेकांना ओळखता, म्हणून निभावतं. बाहेरगावचा कोणी स्पीडबोट घेऊन आला की त्याची तुमच्याशी ओळख नसते. नियम अनोळखी माणसांसाठी असतात.

मामा : आणि नियम पाळून चाललेल्याला येऊन कोणी धडकलं तर?

मामांचा रोख कुठे होता ते आम्हाला कळलं. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. पंधरा माणसं गेली. सुकाणूवर बसलेला जवान अडाणी नव्हता. नौदलाचं शिक्षण घेतलेला होता.

मामा : सारंगाने काय करायला हवं होतं? कुठला पेपर त्याला वाचवणार होता?

ताई : धडक त्याला चुकवता आली असती असं मी म्हणत नाही. धडकेनंतरचं बोलते. लाँचवर मंजूर संख्येपेक्षा जास्त माणसं होती, पुढे तिचा परवाना रद्द झाला तो त्यामुळेच. अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ते घातल्याशिवाय लाँच सोडायची नाही ही सक्ती नंतर झाली. किती माणसं बसवायची तो आकडा आधीही कागदावर होताच ना? मग तो पाळायचा कोणी? मालकाने? तिकीट फाडणाऱ्याने? आमच्याकडे याचं उत्तर एकच असतं. परवाना ज्याच्या नावावर त्याने.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी आम्हाला होडीतून बाहेर नेलं. वाद जिंकायला नेलं असावं, पण तसं बोलले नाहीत. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे मुखाशी वाळूची पट्टी आहे, आणि ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. जाताना काही वाटलं नाही. परतताना मामांनी पट्टीच्या बाहेर इंजिन मंद केलं आणि थांबले. नवमी होती. मुंबईकडच्या कोळ्यांचा हिशेब असा की तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. जो आकडा येईल त्या वाजता भरती. नवमीचे पावणेसात. आमच्याकडे त्याच्या थोडं आधी, मामा म्हणाले. म्हणजे भरती होऊन गेली होती आणि नदीचं पाणी बाहेर पडायला लागलं होतं. आत येणारी लाट त्या पाण्यावर आपटून उभी राहत होती. मामा मागे वळून नुसते लाटा बघत होते. लहान, लहान, मग तीन मोठ्या लागोपाठ, मग पुन्हा लहान. तिसरी मोठी आमच्या खालून पुढे सरकली तसा त्यांनी हँडल पिळला आणि होडी त्या लाटेच्या पाठीवर ठेवली. तिच्या पुढे जाऊ दिली नाही, आणि मागच्या लाटेलाही आम्हाला गाठू दिलं नाही. लाट गाठून तिच्या माथ्यावरून पुढे घसरलात तर नाळ पाण्यात रुतते आणि होडी आडवी होते. मागे राहिलात तर पाठीमागची लाट आत येते. मिनिटभराचं काम. नदीत शिरल्यावर त्यांनी विडी पेटवली.

मामा : हे तुझ्या पेपरात होतं?

ताई : एक प्रश्न होता, ओहोटीच्या वेळी मुखातून आत येऊ नये असा. उत्तर मला आलं होतं. हे आलं नसतं.

ताईचा मोठेपणा असा की हे ती चेहरा न पाडता म्हणाली. वर तिने एक गंमत सांगितली. अमेरिकेत बंदरात शिरताना तांबडा बोया उजव्या हाताला ठेवायचा असतो, आपल्याकडे डाव्या. जगाचे दोन भाग केले आहेत आणि आपण दुसऱ्या भागात. म्हणजे तिथला परवाना घेऊन कोणी सवयीने इथे आला तर बोयाच्या नेमक्या चुकीच्या बाजूने जाईल. मामांना हे फार आवडलं. दिवसभर येईल त्याला सांगत होते.

पण होडीत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती ताईच्या बाजूची होती. जाताना डॉल्फिन दिसले. आमच्यासोबत शेजाऱ्यांकडचे पाहुणे होते, लहान मुलांसकट. “तो बघ!” झालं आणि सगळे उजवीकडे. फोन वर, माणसं उभी, एक जण बाकावर चढलेला. होडीची उजवी कड पाण्याला टेकायला वीतभर अंतर राहिलं. मामा मोठ्याने ओरडले, त्यांनी पोरांना खाली बसवलं, स्वतः डाव्या बाजूला रेलले. पाच सेकंदांत निभावलं. हे रोजचंच, असं त्यांचा चेहरा सांगत होता.

ताई : निघताना तुम्ही त्यांना सांगितलं होतं, उभं राहायचं नाही म्हणून?

मामा : कोण ऐकतं?

ताई : ऐकत नाहीत, तरी सांगायचं. आमच्याकडे धक्का सोडायच्या आधी सांगावंच लागतं. जॅकेट कुठे, ते घालायचं कसं, मी पडले तर इंजिन कोणी कसं बंद करायचं. मला पाठ झालंय. लोक फोनमध्ये बघत असतात, तरी सांगते.

कोकणातल्या घरांत ‘रामदास’ बोटीची हकीकत अजून सांगितली जाते. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं गेली. पाणी आत आलं तशी माणसं घाबरून एका बाजूला धावली आणि बोट कलंडली, असं आमच्या आजीने सांगितलेलं मला आठवतं. मामांनीही ते तिच्याकडूनच ऐकलेलं. तिथे भीतीने धावली, इथे डॉल्फिन बघायला. होडीला वजन तेवढंच कळतं.

शेवटच्या संध्याकाळी गाडी खऱ्या मुद्द्यावर आली. आधीचं सगळं, मला वाटतं, त्याच्या भोवतीच फिरत होतं.

मामा : वारा वाढला, गिऱ्हाईक धक्क्यावर उभं आहे. तू ‘नाही’ म्हणालीस. मग?

ताई : पैसे परत. ते चिडतात. इंटरनेटवर वाईट लिहितात. एकदा एका बाईच्या वाढदिवसाची फेरी मी रद्द केली आणि दुपारी ऊन पडलं. तिने काय काय लिहिलं ते सांगत नाही. उन्हाळ्यात चेसापीकवर दुपारी अचानक गडगडाटी वादळ येतं, अर्ध्या तासात आकाश काळं होतं. सकाळच्या उन्हावर भरवसा ठेवता येत नाही. पण ‘नाही’ म्हणायचा हक्क माझा. होडीचा मालक दुसरा असला तरी त्याला मला ‘जा’ म्हणता येत नाही. आणि गेले, काही झालं, तर जबाबदारीही माझीच.

मामा : म्हणजे काय करतात? परवाना काढून घेतात?

ताई : तुरुंगात टाकतात.

तिने ‘कॉन्सेप्शन’ची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियाजवळची डायव्हिंगची बोट, सहा जणांच्या परवान्यापेक्षा मोठी. २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे तिला आग लागली आणि खाली झोपलेले ३३ प्रवासी आणि एक खलाशी, असे ३४ जण मेले. रात्री कोणीतरी जागं राहून बोटीवर फिरत राहायचं, असा नियम होता; त्या रात्री कोणी फिरत नव्हतं. कप्तानाने आग लावली नव्हती, कुणाला मारायचा त्याचा इरादा नव्हता. तरी २०२३ मध्ये त्याला दोषी ठरवलं आणि २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या कायद्याखाली, त्याची पाळंमुळं त्याच १८३८ सालातली. हयगय पुरते, इरादा लागत नाही.

मामा : भिऊन माणूस शहाणा होतो, असं तुझं म्हणणं?

ताई : भिऊन नाही. पण ‘कप्तान माझा भाचा आहे, मी सांगतो त्याला’ असं मालकाला म्हणता येत नाही. विमाही आहे. परवान्याशिवाय पैसे घेऊन नेलं तर विमा कंपनी हात वर करते, आणि मग घरावर येतं.

मामा : आता माझं ऐक. इथे मी ‘नाही’ म्हटलं की ती माणसं वीस पावलांवर दुसऱ्याच्या होडीत. जाताना ऐकवून जातात, ‘म्हातारा घाबरला.’ धंदा दिवाळी, नाताळ आणि मे महिना. इंजिनाचा हप्ता बारा महिने. मी ‘नाही’ म्हटल्याने एक माणूस वाचत नाही, फक्त माझी फेरी जाते. तुझ्या कागदाने मला ‘नाही’ म्हणायचा हक्क दिला. ‘नाही’ म्हटल्यावर चूल कशी पेटवायची ते कुठे लिहिलंय?

ताई : ते कुठेच लिहिलेलं नाही.

मामा : आणि २६ मे बघ. २६ मे ते ३१ ऑगस्ट, सरकारने बंद म्हटलं की बंद. त्या दिवशी कोणी कुरकुरत नाही. का? माझी बंद तशी शेजाऱ्याचीही बंद. गिऱ्हाईक कोणाकडेच जात नाही, म्हणून कोणाला बुडल्यासारखं वाटत नाही. मला एकट्याला शहाणं करून काय होणार? जेटी सगळी एकदम शहाणी व्हायला हवी.

इथे मामांनी ताईला गाठलं असं मला वाटलं. परवाना एका माणसाच्या नावाने असतो, आणि स्पर्धा असते त्या एकाच्या आजूबाजूला. तिकडेही हवामान खात्याचा लहान बोटींसाठीचा इशारा नुसता इशारा असतो, बंदी नसते. निघायचं की नाही ते कप्तानाने ठरवायचं, आणि शेजारच्या धक्क्यावर दुसरा कप्तान असतोच. फरक इतकाच की त्याच्याही नावावर तोच कागद असतो आणि त्यालाही तीच भीती असते. म्हणजे ताईच्या पद्धतीतही ‘नाही’ पेलवतं ते सगळ्यांना ते सारखंच महाग पडत असल्यामुळे. मी हे बोलून दाखवलं. दोघांनाही आवडलं नाही.

ताई : पण मामा, २६ मे ही कॅलेंडरातली तारीख आहे. २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी होडी उलटली, दोघं गेले. तो दिवस २४ मे होता. बंदीला दोन दिवस होते.

मामा : माहिती आहे.

ताई : त्या दोन दिवसांचं काय?

मामा : तीन नंबरचा बावटा लागला तर त्या दोन दिवसांतही कोणी जात नाही.

ताई : बावटा वादळासाठी लागतो. काल सकाळी संगमावर लाट उभी होती, तेव्हा कुठला बावटा होता?

मामा : मी होतो.

ताई : तुम्ही होता म्हणून आम्ही परत आलो. तुमच्या मागून ती निळी होडी आली, तिच्यावर कोण होता? जेटी मिळून शहाणी होते हे खरं. पण सगळ्यांचा हप्ता थकला असेल तेव्हा जेटी मिळून वेडीही होते. मग ‘नाही’ कोण म्हणणार?

मामा : तेव्हा ज्याचो नंबर तो जाता.

ते खोटं बोलले नाहीत, याचं मला बरं वाटलं. ताईनेही ते ताणलं नाही. बोलणं मामेभावावर गेलं. त्याला होडी हातात घ्यायची आहे, आणि गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट चालवायचा आणि जीवरक्षणाचा कोर्स करायचं त्याच्या मनात आहे. मामांचा विरोध नव्हता. फी किती, राहायचं कुठे, असलं विचारून झालं. बुडणाऱ्या माणसाला होडीत घेताना तो आपल्याला खाली ओढणार नाही असं कसं धरायचं, हे तिथे शिकवतात, असं ताईने सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा खोदून विचारलं. ते त्यांना स्वतःला शिकायचं होतं असा मला संशय आहे.

ताई : पुढे बोर्डाकडे अर्ज करायचा तर अनुभवाचा दाखला लागेल. होडी तुमची, मालक तुम्ही. सही तुम्हालाच करावी लागणार.

मामेभाऊ दारातच उभा होता. मामांनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं.

मामा : आज नाय. भांगाच्या दिवसांत तो बरो चालवता. उधाणात माका अजून बघूचो आसा.

ताई : आणि तो गोव्याहून सर्टिफिकेट घेऊन आला तर?

मामा : तरी बघूचो आसा. दिवाळीत बघूया.

मामेभाऊ म्हणाला, दिवाळीत पर्यटक असतात, तेव्हा शिकवायला वेळ कुणाला? मामा म्हणाले, म्हणूनच.